कोणतं कृत्य, कोणतं कलम, कोणतं कोर्ट: ट्रम्प खटल्यांवरच्या भांडणाचं उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: २०२० ची अमेरिकन निवडणूक उलटवण्याच्या प्रयत्नाबद्दल डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर एवढे खटले झाले आणि बहुतेक मधेच संपले. मग ते सूडाचे खटले होते, की बड्या माणसाला कोर्टांनी मोकळं सोडलं? न्यू जर्सीतला भाऊ एक सांगतो, डॅलसमधला दुसरं सांगतो, आणि दोघेही 'कायदा' हाच शब्द वापरतात.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, कारण दोन्हींमध्ये सगळे खटले एकाच गाठोड्यात बांधलेत. समोरचा काही ठामपणे म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: नेमक्या कोणत्या कृत्याबद्दल बोलताय, त्यावर कोणतं कलम लावलं होतं, आणि ते प्रकरण कोणत्या कोर्टात कोणत्या टप्प्यावर थांबलं? एवढ्यावर निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं खरोखर कठीण आहे.

भारतीय वाचकाची पहिली गफलत यंत्रणेबद्दल होते. आपल्याकडे निवडणूक आयोग आहे, निकाल अधिकारी जाहीर करतो, हरकत असेल तर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका. अमेरिकेत असा केंद्रीय आयोगच नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघतं. मतदान आणि मोजणी काउंटी करते, निकाल राज्य प्रमाणित करतं, गव्हर्नर जिंकलेल्या पक्षाच्या इलेक्टरांची (राज्यातर्फे राष्ट्राध्यक्षासाठी औपचारिक मत देणाऱ्यांची) यादी सही करून पाठवतो, ते इलेक्टर डिसेंबरमध्ये (२०२० साली १४ तारखेला) आपापल्या राज्यात जमून मत देतात, आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकन संसदेच्या) संयुक्त बैठकीत उपराष्ट्राध्यक्ष ती पाकिटं उघडतात. एकूण मतं ५३८, बहुमत २७०. बायडन ३०६, ट्रम्प २३२. शेवटच्या टप्प्याचा कायदा १८८७ चा. १८७६ च्या हेझ-टिल्डन लढतीत काही राज्यांतून दोन-दोन याद्या आल्या होत्या, त्या गोंधळानंतर केलेला, आणि इतक्या किचकट भाषेत लिहिलेला की वाचणाऱ्याला घाम फुटावा. २०२० चे सगळे प्रयत्न या साखळीच्या सांध्यांवरच झाले: राज्याचे अधिकारी, इलेक्टरांची यादी, न्याय खातं, उपराष्ट्राध्यक्ष.

आता 'कोर्टात गेले म्हणून त्यांच्यावर खटले भरले' हा मुद्दा. साफ खोटा. ट्रम्प आणि त्यांच्या बाजूने साठाहून जास्त दावे दाखल झाले आणि जवळपास सगळे हरले. फेरमोजण्या मागितल्या, त्या झाल्या. जॉर्जियात मतं तीनदा मोजली गेली, त्यातली एक मोजणी पूर्णपणे हाताने. दावा लावणं किंवा फेरमोजणी मागणं यालाच कुठे गुन्हा म्हटलेलं नाही. उलट स्पेशल कौन्सेल (न्याय खात्याने या तपासासाठी नेमलेले खास सरकारी वकील) जॅक स्मिथ यांनी १ ऑगस्ट २०२३ ला वॉशिंग्टनमध्ये दाखल केलेल्या ४५ पानी आरोपपत्राच्या सुरुवातीलाच म्हटलंय की आरोपीला निवडणुकीबद्दल बोलायचा, अगदी खोटं बोलायचाही, अधिकार होता. दावे लावायचाही होता. आरोप त्यानंतरच्या मार्गांबद्दल होता.

'तो तर भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा' हे म्हणणं त्यामुळे अर्धंच टिकतं. फसवणुकीचं साधन म्हणून वापरलेल्या शब्दांना संरक्षण नसतं, नाहीतर कुठलाही कट शिक्षापात्र ठरणार नाही. पण बचाव पक्षाची खरी ताकद वेगळ्या जागी होती: हेतू. 'मला मनापासून वाटत होतं की मी जिंकलोय' असं आरोपी म्हणाला तर बेइमानी कशी सिद्ध करणार? फिर्यादी पक्षाचं उत्तर असं होतं की मनापासून खात्री असली तरी फसवणुकीची मुभा मिळत नाही; जसं, बँकेत आपले पैसे अडकलेत याची कितीही खात्री असली तरी खोटा चेक लावता येत नाही. युक्तिवाद चांगला आहे, पण तो प्रत्येक आरोपीला सारखा लागू पडत नाही. मिशिगनमध्ये १६ पर्यायी इलेक्टरांवर जुलै २०२३ मध्ये बनावट दस्तऐवजाचे आरोप ठेवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी उरलेल्या १५ जणांवरचं प्रकरण खटल्यापर्यंत जाऊच दिलं नाही, कारण फसवण्याचा हेतू पुराव्यातून दिसत नव्हता. सांगितलं तिथे सही करणारा कार्यकर्ता आणि ज्याच्या टेबलावर सगळे अहवाल पोचले तो नेता, यांच्या मनात काय होतं याचा पुरावा वेगवेगळाच असणार. एका बाजूने मिशिगनच्या आदेशावरून सगळ्यांना निर्दोष म्हणणं आणि दुसऱ्या बाजूने न्यायाधीशालाच विकला गेलेला म्हणणं, दोन्हीला आधार नाही.

हा इलेक्टरांचा कागद जरा जवळून बघण्यासारखा आहे. ट्रम्प हरलेल्या सात राज्यांत (ॲरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन) त्यांच्या बाजूच्या लोकांनी १४ डिसेंबरला स्वतःची प्रमाणपत्रं सही केली. पाच राज्यांतल्या कागदावर सरळ लिहिलं होतं की आम्हीच रीतसर निवडलेले इलेक्टर आहोत. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिकोतल्या मंडळींनी मात्र अट घातली: पुढे कोर्टात वगैरे आम्हीच खरे इलेक्टर ठरलो तर. एका वाक्याची अट, पण परिणाम केवढा! त्या दोन राज्यांत या इलेक्टरांवर राज्याचे खटले झाले नाहीत. बाकी पाचही राज्यांत या कागदांवरून कोणावर ना कोणावर झाले. सशर्त विधान आणि खोटं विधान यांतला फरक फौजदारी वकिलाला पहिल्या वर्षी शिकवतात, तो इथे अक्षरशः कागदावर दिसतो.

बचाव पक्ष इथे १९६० च्या निवडणुकीतलं हवाई राज्य काढतो, आणि काढायलाच हवं. तिथे निक्सन पुढे म्हणून प्रमाणित झाले होते, तरी केनेडींच्या इलेक्टरांनी ठरल्या दिवशी आपली मतं सही करून ठेवली. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी जिंकले, गव्हर्नरने नवी यादी पाठवली, आणि संयुक्त बैठकीचे अध्यक्ष असलेल्या निक्सन यांनीच केनेडींची तीन मतं मोजून घेतली. फरक हा की हवाईत इलेक्टर जमले तेव्हा कोर्टाच्या आदेशाने फेरमोजणी चालू होती. २०२० च्या १४ डिसेंबरला जॉर्जियाच्या तिन्ही मोजण्या संपलेल्या होत्या, आणि विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने त्याच दिवशी ४ विरुद्ध ३ ने ट्रम्प यांचा दावा फेटाळला. ट्रम्प यांच्या बाजूचे वकील केनेथ चेझब्रो यांची टिपणं तारखेवार लावून वाचली की हेतू कसा सरकला ते कळतं. १८ नोव्हेंबरचं टिपण विस्कॉन्सिनमधला दावा चालू असेपर्यंत हक्क शाबूत ठेवण्याबद्दल आहे. ६ डिसेंबरच्या टिपणात तेच कागद ६ जानेवारीला काँग्रेसमध्ये कसे वापरायचे याची आखणी आहे. पहिलं टिपण हवाईच्या जवळ जातं, दुसरं नाही.

कलमांबद्दल तर दोन्हीकडे भलत्याच समजुती आहेत. स्मिथ यांच्या खटल्यात चार आरोप होते: सरकारची फसवणूक करण्याचा कट, अधिकृत कामकाजात अडथळा आणण्याचा कट, प्रत्यक्ष अडथळा वा तसा प्रयत्न, आणि नागरिकांच्या हक्कांविरुद्ध कट, म्हणजे दिलेलं मत मोजलं जाण्याचा हक्क. बंडाचं कलम लावलंच नव्हतं. म्हणून 'बंडाचा आरोप सिद्ध झाला' हेही चूक आणि 'बंडाच्या आरोपातून कोर्टाने सोडलं' हेही. सोडलं ते सिनेटने, फेब्रुवारी २०२१ मध्ये, महाभियोगात: ५७ विरुद्ध ४३, हवी होती ६७. महाभियोग हा फौजदारी खटला नव्हे. निर्दोष मतदानानंतर लगेच रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी सभागृहात सांगितलं होतं की माजी अध्यक्षाला फौजदारी आणि दिवाणी न्यायव्यवस्था लागू आहेच. आधी 'हे काम कोर्टाचं' म्हणायचं आणि कोर्टात गेल्यावर 'हे काम महाभियोगाचं' म्हणायचं, ही कसरत वकिलांनी केलीही. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मानली नाही.

सुप्रीम कोर्ट पक्षनिहाय चालतं म्हणणाऱ्यांना २८ जून २०२४ चा फिशर निकाल वाचायला सांगावा. अडथळ्याचं कलम एन्रॉन घोटाळ्यानंतर २००२ मध्ये आलेलं, कागदपत्रं नष्ट करण्याच्या संदर्भातलं, कमाल शिक्षा २० वर्षं. ते ६ जानेवारी २०२१ ला जमावाने काँग्रेसच्या इमारतीवर केलेल्या हल्ल्यातल्या साडेतीनशेच्या आसपास आरोपींना लावलं होतं; फिशर हा त्यांतलाच एक. कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की हे कलम कागदपत्रं, वस्तू वगैरे पुराव्यात ढवळाढवळ करण्यापुरतंच. बहुमतात बायडन यांनी नेमलेल्या केतांजी ब्राउन जॅक्सन होत्या. विरोधी मत ट्रम्प यांनी नेमलेल्या एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं. सरकारने कलम ताणलं होतं ही टीका म्हणजे नुसता प्रचार नव्हता. त्याच वेळी खोटी प्रमाणपत्रं हा तर कागदाचाच मामला, त्यामुळे ट्रम्प यांच्यावरचे ते आरोप फिशरमुळे आपोआप पडत नव्हते.

तीन दिवसांनी, १ जुलै २०२४ ला, आला सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल: पदावर असताना केलेल्या कृत्यांसाठी माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालतो का. अध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांसाठी पूर्ण संरक्षण, बाकीच्या अधिकृत कृत्यांसाठी निदान गृहीत धरलेलं संरक्षण, खासगी कृत्यांसाठी काहीच नाही. 'राजाला मोकळं रान' आणि 'ट्रम्प निर्दोष' ही दोन्ही वर्णनं या निकालाला लागू नाहीत. न्याय खात्याशी झालेलं बोलणं पूर्ण बाहेर गेलं. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्यावरचा दबाव 'गृहीत संरक्षणा'त गेला. ते खोडून काढायची जबाबदारी सरकारवर. राज्याच्या अधिकाऱ्यांशी बोलणं आणि इलेक्टरांच्या याद्या यांचा निर्णय खालच्या कोर्टावर सोडला. स्मिथ यांनी २७ ऑगस्टला ३६ पानांचं सुधारित आरोपपत्र आणलं, चारही आरोप कायम ठेवून.

माझ्या मते या निकालातला सगळ्यात घातक भाग ज्याच्यावर सगळे भांडतात तो नाहीच. संरक्षित अधिकृत कृत्यं खासगी गुन्ह्याच्या खटल्यात पुरावा म्हणूनही वापरता येणार नाहीत, हा तो भाग; बॅरेट यांनाही तो पटला नव्हता. लाच घेतली हे सिद्ध करायचं आणि त्या बदल्यात केलेल्या कामाबद्दलच्या खासगी नोंदी आणि सल्लागारांच्या साक्षी ज्युरीसमोर आणायच्या नाहीत, असा प्रसंग येतो. उलट २ जानेवारी २०२१ चा फोन घ्या. जॉर्जियाच्या निवडणुका बघणारे राज्याचे सचिव ब्रॅड राफेन्सपर्गर यांच्याकडे ट्रम्प ११,७८० मतं 'शोधून' मागतात. बायडन यांची आघाडी ११,७७९ ची. राज्याच्या निकाल-प्रमाणनात राष्ट्राध्यक्षाला घटनेने कुठलीही भूमिका दिलेली नाही, त्यामुळे हा उमेदवाराचा फोन होता असं ठरायची शक्यता मला बरीच वाटते. पण स्मिथ यांचा खटला ज्यांच्याकडे होता त्या न्यायाधीश तान्या चुटकन यांच्यापुढे तो मुद्दा निकालापर्यंत पोचलाच नाही.

कारण वेळ संपला. तारखा बघा. घटना जानेवारी २०२१ ची. ट्रम्प यांनी १५ नोव्हेंबर २०२२ ला उमेदवारी जाहीर केली आणि तीन दिवसांनी स्पेशल कौन्सेल नेमला गेला. आरोपपत्र ऑगस्ट २०२३. खटल्याची तारीख ४ मार्च २०२४. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षणाच्या मुद्द्यावर काम थांबलं. स्मिथ यांनी थेट सुप्रीम कोर्टाला लवकर ऐका म्हणून विनंती केली, ती नाकारली गेली. अपील कोर्टाचा निकाल ६ फेब्रुवारीला, सुप्रीम कोर्टात सुनावणी २५ एप्रिलला, निकाल जुलैत. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले, आणि पदावरच्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही या न्याय खात्याच्या जुन्या धोरणामुळे २५ नोव्हेंबर २०२४ ला प्रकरण मागे घेतलं गेलं, पुन्हा दाखल करण्याची मुभा ठेवून. 'निवडणुकीच्या तोंडावरच का?' हा रिपब्लिकनांचा प्रश्न गैर नाही. पहिली जवळपास दोन वर्षं बड्यांकडे तपास संथपणे गेला, याचं उत्तर बायडन यांच्या न्याय खात्याने द्यायला हवं. 'मुद्दाम लांबवलं' हे डेमोक्रॅटांचं म्हणणंही खरं; पण तारखा लांबवणं हा बचावाचा कायदेशीर मार्ग आहे, आणि तो आपल्या कोर्टांत वावरलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. फेडरल गुन्ह्यांची सर्वसाधारण मुदत ५ वर्षं, म्हणजे घड्याळ जानेवारी २०२६ पर्यंतचं. अध्यक्षपदाच्या काळात ते थांबतं का, हा प्रश्न कोर्टांत सुटलेला नाही. जानेवारी २०२५ च्या अहवालात स्मिथ यांनी लिहिलं की दोषसिद्धीला पुरेसा पुरावा होता. ते फिर्यादी पक्षाचं मत आहे, ज्युरीचं नव्हे.

जॉर्जियाचा खटला मात्र वेगळ्या कारणाने बुडाला, आणि तिथे दोष फिर्यादी पक्षाचाच जास्त. फुल्टन काउंटीच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नी (निवडून आलेल्या सरकारी वकील) फानी विलिस यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये टोळीविरोधी रिको कायद्याखाली १९ आरोपी आणि ४१ आरोप असा अवाढव्य संसार मांडला. ट्रम्प यांच्या बाजूचे वकील सिडनी पॉवेल, चेझब्रो, जेना एलिस यांच्यासह चौघांनी गुन्हा कबूल केला. मग विलिस यांचे त्यांनीच नेमलेल्या विशेष वकिलाशी प्रेमसंबंध असल्याचं बाहेर आलं. अपील कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना बाजूला केलं, नवे सरकारी वकील पीट स्कँडलाकिस यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकरण मागे घेतलं. तीन-चार आरोपी आणि तो फोन एवढ्यावर खटला उभा केला असता तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, पण अवजड खटला उशिरा पोचतो हे कुठल्याही सत्र न्यायालयात दिसतं. नेवाडात तर जिल्हा चुकला म्हणून प्रकरण २०२४ मध्ये फेटाळलं गेलं: कागद सही झाले कार्सन सिटीत आणि खटला लावला लास वेगसच्या काउंटीत. ते २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने परत जिवंत केलं.

घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाबद्दल (घटनेची शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्याला पद नाकारणारं) फार बोलायची गरज नाही. कोलोरॅडोने ट्रम्प यांना मतपत्रिकेवरून काढलं, सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२४ ला ९-० ने ते फिरवलं, कारण असं की फेडरल पदाबाबत हे काम राज्यांचं नाही. ट्रम्प यांनी बंड केलं की नाही यावर कोर्ट बोललंच नाही.

माफीबाबत एकच भेद लक्षात ठेवा. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्याकडून ६ जानेवारीच्या हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी आणि १४ जणांना शिक्षेत सूट मिळाली. राजद्रोही कटात २२ वर्षांची शिक्षा झालेले प्राउड बॉइज या कडव्या गटाचे पुढारी एनरिके टारिओही सुटले. पण राष्ट्राध्यक्षाची माफी फक्त फेडरल गुन्ह्यांना चालते. राज्याचे खटले, दिवाणी दावे आणि वकिलीची सनद यांना ती हात लावू शकत नाही. आणि चिकटली ती जबाबदारी इथेच. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांच्यावर जॉर्जियातल्या दोन निवडणूक कर्मचारी महिलांच्या बदनामीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने १४ कोटी ८० लाख डॉलर बसवले, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन दोन्हीकडची त्यांची सनद गेली. मतदानयंत्रांच्या डोमिनियन कंपनीला बदनामीच्या दाव्यात फॉक्स न्यूज वाहिनीने तडजोडीत ७८ कोटी ७५ लाख डॉलर दिले. दिवाणीत संशयातीत पुरावा लागत नाही, अध्यक्षपदाचं कवच त्रयस्थांना मिळत नाही, आणि फिर्यादी निवडून आलेला पुढारी नसतो. पक्षपाताचा आरोप म्हणूनच तिथे फारसा चिकटत नाही.

'डेमोक्रॅटांनीही २००१, २००५, २०१७ मध्ये हरकती घेतल्याच की' हे खरं आहे. २००५ मध्ये ओहायोवर मतदानही झालं आणि सिनेटने ती हरकत ७४-१ ने फेटाळली. पण काँग्रेसमधल्या हरकतीबद्दल खटला कोणावरच झालेला नाही, २०२१ मध्ये हरकतीच्या बाजूने मत दिलेल्या १४७ रिपब्लिकनांवरही नाही. त्यामुळे ही तुलना नैतिक वादात वापरा, खटल्यांच्या वादात ती बसत नाही. शिवाय २०२२ च्या सुधारणेने तो सांधाच घट्ट केला: उपराष्ट्राध्यक्षाचं काम केवळ कारकुनी, हरकतीसाठी दोन्ही सभागृहांत एक पंचमांश सदस्य हवेत (पूर्वी एकेक पुरे होता). जानेवारी २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनी स्वतःचाच पराभव मोजून जाहीर केला, हरकत एकही नाही.

ब्राझीलचा दाखला हल्ली फार दिला जातो: निवडणूक हरलेले माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांना सप्टेंबर २०२५ मध्ये ४-१ ने दोषी ठरवून २७ वर्षं ३ महिने शिक्षा झाली, मग अमेरिकेला का जमलं नाही? तिथे सत्तापालटाचा प्रयत्न हाच स्वतंत्र गुन्हा आहे. २०२१ चा तो कायदा बोल्सोनारो यांच्याच सहीने झाला. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टाच्या पीठापुढे, ज्युरी नाही, अपिलांची उतरंड नाही. म्हणून वेग आला, आणि म्हणूनच तिथली तक्रारही वेगळी आहे: कटाचं लक्ष्य असल्याचं सांगितले गेलेले न्यायमूर्ती अलेक्झांडर दे मोराईसच प्रकरण हाताळत होते. ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाही.

भावांच्या भांडणात पुढच्या वेळी कोणी 'केस फेटाळली' असं म्हणालं, तर आदेशाचं शेवटचं पान मागा. पुन्हा दाखल करायची मुभा ठेवली आहे का, कारण पुराव्याचं आहे, अधिकारक्षेत्राचं आहे की फिर्यादीने स्वतः माघार घेतली, हे तिथे दोन ओळींत लिहिलेलं असतं.